वेल्ह्याचा रेडिओ उघडला तेव्हा

सोनाराच्या घरात जन्मून मी जन्मभर कथील वितळवत बसलो, याचं माझ्या वडिलांना शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. भोरच्या पेठेत आमचं लहानसं दुकान होतं. पुण्याला एका दुकानात रेडिओचं काम शिकून मी परत आलो आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात बसू लागलो. एका बाजूला वडील फुंकणीनं नथीच्या सांध्याला डाग देत, दुसऱ्या बाजूला मी त्यांच्याच शेगडीत तांब्याची कांडी तापवून, कथील वितळवून तारेला तार जोडणारा डाग देई. गिऱ्हाईक आलं की ते माझ्याकडे हात करून म्हणायचे, "आमचे चिरंजीव. हवेचे दागिने घडवतात."

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. भोरात हाताच्या बोटांवर मोजावेत इतके रेडिओ, आणि आसपासच्या गावांत एखाददुसरा. खेड्यात वीज नव्हती. सगळे संच बॅटरीवर चालायचे. एक लहान बॅटरी व्हॉल्व्हच्या पोटातली तार तापवायला आणि एक विटेएवढी मोठी, आवाजाला जोर द्यायला. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचा बल्बच, फक्त उजेड पाडण्याऐवजी तो बारीक आवाजाचा मोठा आवाज करतो. त्या दिवसांत नवा व्हॉल्व्ह पुण्यातही मिळत नसे. त्यामुळे कुठलीही पेटी मी फार सावकाश उघडे. गिऱ्हाइकाला वाटे, हा माणूस फार शांतपणे काम करतो. मी शांत नव्हतो, व्हॉल्व्ह फुटेल म्हणून भीत होतो.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नामी. शिवऱ्याच्या एका व्यापाऱ्याचा रेडिओ रोज सकाळी मुका व्हायचा आणि दुपारनंतर आपोआप बोलायला लागायचा. मी दोन खेपा घातल्या, पेटी पालथी केली, काही सापडेना. तिसऱ्या खेपेला सकाळी सकाळी जाऊन पोचलो, तर छपरावरच्या एरियलच्या तारेवर त्यांच्या मातोश्रींचं ओलं नऊवारी लुगडं वाळत पडलेलं. मी म्हटलं, "आजी, ही तार आवाज पकडायची आहे." आजी म्हणाल्या, "मग पकडू दे की. माझं लुगडं काय त्याच्या आड येतंय?" लुगडं वाळलं की रेडिओ बोलायचा.

सगळीकडे एकच प्रश्न असायचा, आत काय आहे? तोंडानं सांगून कुणाला पटायचं नाही. म्हणून मी मदाऱ्यासारखी एक पोतडीच बाळगायला लागलो. तीत जळका व्हॉल्व्ह, फुटका कंडेन्सर, सुटलेली कॉइल असं भंगार असे. लोकांसमोर ते फोडून, उलगडून दाखवायचं. मला त्याचा छंदच जडला होता. माणसं पुढे सरकून बघायची, पोरं बोटं लावायची, आणि मला वाटायचं, वडिलांच्या दुकानात नथ बघायलाही लोक इतके पुढे सरकत नाहीत.

वेल्ह्याच्या त्या दिवसानंतर तो छंद पहिल्यासारखा राहिला नाही.

वेल्ह्यात एक सुभेदार होते. पहिल्या लढाईत जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले, मिशा पांढऱ्या पण पाठ ताठ. त्यांच्याकडे चार व्हॉल्व्हचा रेडिओ होता. संध्याकाळी ते तो ओसरीवर आणून ठेवत आणि ज्याला यायचं त्यानं यावं. मावळातल्या त्या वाड्यावस्त्यांतून घरटी एक माणूस पलटणीत होता म्हटलं तरी चालेल. मुंबईहून लढाईच्या बातम्या लागत आणि अधूनमधून पलटणीतल्या लोकांचे निरोपही ऐकवत. "मी अमक्या गावचा अमका, खुशाल आहे, काळजी करू नये," एवढंच. त्या एवढ्याशा वाक्यासाठी बायामाणसं डोंगर उतरून यायची.

सुभेदारांचा सांगावा एका गाडीवानानं आणला. "पेटीचा आवाज बसलाय, नवी बॅटरी घेऊन या. आनि सुभेदार म्हनलं, हत्यारं समदी आना."

बॅटरी बदलायला हत्यारं कशाला? मी गाडीवानाला विचारलं. तो म्हणाला, "त्ये मला काय ठावं? पर वाट बगत्यात समदी."

पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलत. तसल्या मोटारीनं नसरापूरपर्यंत आणि पुढे बैलगाडीनं, बॅटरी मांडीवर घेऊन मी वेल्ह्याला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तोरण्याची सावली अजून गावावर आली नव्हती. सुभेदारांच्या ओसरीवर माणसं बसली होती, अंगणातही होती, आणि कुणी बोलत नव्हतं. माझ्या मनात आलं, या घरात कुणीतरी गेलं.

सुभेदारांनी मला बाजूला घेतलं.

"त्ये म्हातारं बसलंय न्हवं खांबाला टेकून, त्ये विठोजी. वरच्या वाडीचं. त्याचा थोरला कोंडिबा मलायात जपान्यांशी लढत व्हता. पलटणीकडनं कळीवलं, बेपत्ता म्हनून. वरीस झालं त्याला."

"मग?"

"मागल्या आठवड्यात निरोप लागलं व्हतं. बॅटरी मरायला आल्याली, आवाज ह्यो एवढासा. खरखरीत येक आवाज आला, मी कोंडिबा बोलतोय, खुशाल हाय, आईला संबाळ. फुडचं आडनाव, गाव कायबी कळलं न्हाई. कोंडिबाची बायको हितंच बसल्याली, येसू. ती ताडदिशी उटली. म्हनली, ह्यो माझ्या मालकाचाच आवाज."

"कोंडिबा नावाची माणसं काय थोडी आहेत का?"

"त्येच म्या म्हनलं. पर ती म्हनती आवाज वळखला. शपत घेती."

त्यात भांडण कसलं, हे मला कळेना. मग सुभेदारांनी सांगितलं. वर्ष उलटलं तशी भावकी विठोजीच्या मागे लागली होती, पोराचे दिवस घाला. म्हातारा तयार झाला होता. पुढच्या अमावस्येला पिठाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, येसूच्या बांगड्या उतरवायच्या, असं ठरलं होतं. आणि मध्येच हा आवाज आला.

मी ओसरीवर चढलो. येसू आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वीस-बावीसची असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं ते वैद्याकडे पाहावं तसं.

विठोजीआबांनी मला समोर बसवलं. थकलेला माणूस होता, पण डोळे स्वच्छ होते.

"मास्तर," ते म्हणाले, "म्या येकदा जत्रंत येक पेटी ऐकली व्हती. वर कर्णा व्हता. त्यात येक बाई गात व्हती. पेटीवाला म्हनला, ही बाई मरून लई दिस झालं. मेली तरी गात व्हती. खरं का?"

"खरं आहे, आबा. तो ग्रामोफोन. त्यात तबकडी असते. आवाज तबकडीत भरून ठेवतात."

"ह्यी पेटी तसलीच का?"

"नाही. ही वेगळी."

"कशावरनं? मला उगडून दावा. माज्या पोराचा आवाज हितं कुठं साटून ऱ्हायला न्हाई, त्ये माज्या डोळ्यानं बगू द्या. पोरगं मेलं आसंल आनि म्या पानी दिलं न्हाई, तर त्ये तिकडं तान्हेलं फिरत आसंल. जित्तं आसंल आनि म्या त्याचं दिवस घातलं, तर माज्या हातानं मारल्यावानी व्हईल. मी काय करू, सांगा."

भोळं माणूस म्हणून मी समजूत काढायला बसलो होतो. तो प्रश्न ऐकून सावरून बसलो. म्हातारा भोळा नव्हता. त्यानं नेमकं धरलं होतं.

मी पोतडी सोडली. फुटका कंडेन्सर काढून उलगडायला लागलो, तसा आबांनी हात आडवा केला. "ह्ये तुमच्या पिशवीतलं. आमच्या पेटीतलं दावा."

सुभेदारांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "उगडा."

"सुभेदार, यातला एखादा व्हॉल्व्ह गेला तर मला दुसरा मिळायचा नाही. पेटी कायमची मुकी होईल."

"ठावं हाय मला. उगडा."

मी बटणं काढली, मागचे स्क्रू सोडवले आणि आतला सांगाडा ओढून घोंगडीवर ठेवला. माणसं पुढे सरकली. एरवी मला ते आवडायचं. आज मी ओरडलो, "हात लावू नका कुणी!"

एकेक वस्तू दाखवत गेलो. ही कॉइल. नुसती तांब्याची तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली. एरियलवरून दहा ठिकाणचे आवाज येतात, त्यातला हवा तो निवडायचा, एवढंच तिचं काम. हा रेझिस्टन्स, काजळीची कांडी. पाटाचं तोंड दगड लावून बारीक करतो तसं हा विजेचं तोंड बारीक करतो. मग व्हॉल्व्ह उपसला. "ही आतली तार तापते. तापली की तिच्यातून विजेचा लोट निघतो आणि या बाहेरच्या पत्र्याकडे धावतो. मध्ये ही जाळी. तिकडून आलेला बारीक आवाज या जाळीवर बसतो. पाटावरचं दार तुम्ही एका हातानं वर-खाली करता, पण त्यानं वाहणारं पाणी केवढं असतं? तसंच हे. जाळी जराशी हलली की सगळा लोट हलतो."

"आनि दार हालवायचं थांबलं की?" आबांनी विचारलं.

"पाणी एकसारखं वाहतं. आवाज बंद."

"मागलं हाललेलं काय ऱ्हात न्हाई?"

"काही राहत नाही."

आबांनी मान डोलावली. मग त्यांचं बोट कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डबीवर गेलं. "ह्ये?"

तो मोठा कंडेन्सर होता. याच्याबद्दल कुणी विचारू नये, असं मला मनातून वाटत होतं. त्याच्या तारा स्क्रूंनी आवळलेल्या होत्या, त्या सोडवून मी तो बाहेर काढला. माझ्या पोतडीतला फुटका त्याच जातीचा होता, तो शेजारी ठेवून उलगडला. कथलाच्या वर्खाच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये मेणकागद, सगळं गुंडाळून बसवलेलं. "हा विजेचा रांजण. बॅटरीची वीज कमीजास्त झाली तर हा भरून काढतो."

"रांजन? मंग ह्यात ऱ्हातंय की!"

"वीज राहते आबा. आवाज नाही."

"दावा."

मी त्याच्या दोन तारा बॅटरीला लावल्या, काढल्या, आणि एकमेकींना टेकवल्या. चट् असा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली. मागे कुणीतरी "आई गं!" म्हणालं. आबा हलले नाहीत.

"बॅटरीपासनं काडून घेतला तरी बोलला की त्यो," ते म्हणाले.

पुण्याला शिकताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी परत भरला आणि परत टेकवला. चट्. पुन्हा एकदा तसंच केलं. "आबा, ऐका. दर वेळी तोच चट्. ओढ्याचं पाणी रांजणात भरलं तर रांजणात पाणी असतं, ओढ्याची खळखळ असते का?"

आबांनी ती डबी उचलून कानाशी धरली. "न्हाई," ते म्हणाले. "खळखळ न्हाई ऱ्हात."

"या पेटीत आवाज साठवायला जागाच नाही. आवाज येतो आणि जातो."

साठवलेला नाही म्हणजे बोलणारा त्या दिवशी जिवंत, हे ऐकणाऱ्यांनी मनाशी जुळवलं, आणि दारातून सुटकेचा एक हुंदका आला. मी वर पाहिलं नाही. मला घाई झाली होती. सगळं जागच्या जागी बसवून पेटी एकदा बोलती करायची आणि निघायचं. मी कंडेन्सरच्या तारा आवळल्या, व्हॉल्व्ह बसवले, नवी बॅटरी जोडली, बटण फिरवलं.

काही नाही. खरखरही नाही.

मी तारा तपासल्या. बॅटरी तपासली. आमच्या धंद्यात पेटी मुकी झाली की मागून पुढे यायचं असतं. ओलं बोट शेवटच्या व्हॉल्व्हच्या तारेला लावायचं, पेटीतल्या कर्ण्यातून, म्हणजे स्पीकरमधून, गुर्र आवाज आला की तिथपर्यंत सगळं ठीक. मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा. शेवटचा बोलला. तिसरा बोलला. दुसऱ्याला बोट लावलं, काही नाही. मी त्याच्या डोक्यावरची टोपी चिमटीत धरली आणि ती माझ्या हातातच आली.

त्या व्हॉल्व्हला डोक्यावर एक पत्र्याची बारीक टोपी असते. काचेतून केसाएवढी तार वर येते आणि टोपीत डागलेली असते. ती टोपी निखळली होती. काचेच्या वर तार राहिली होती ती जोंधळ्याच्या दाण्याएवढीही नसेल. तिला परत डाग द्यायचा. उष्णता कमी पडली तर डाग धरत नाही. जास्त झाली तर काच तडकते, हवा आत शिरते आणि व्हॉल्व्ह संपतो.

"काय झालं?" सुभेदार माझ्या कानाशी म्हणाले.

"थोडं काम आहे. निखारे लागतील."

मी उठायच्या आत येसू चुलीतले निखारे घमेल्यात घेऊन आली. माझ्यासमोर ठेवून ती तिथंच बसली. "व्हईल न्हवं?" तिनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली होती.

"होईल," मी म्हटलं. मला अजिबात खात्री नव्हती.

तांब्याची कांडी निखाऱ्यात घातली. चिंधी ओली करून काचेभोवती गुंडाळली, फक्त ते तारेचं टोक उघडं ठेवलं. येसू पदरानं वारा घालत होती. कांडी तापली. वडील नाजूक डाग देताना श्वास रोखत नसत, उलट हळूहळू सोडत राहत. श्वास रोखला की हात थरथरतो, म्हणायचे. मी श्वास सोडत सोडत कांडी टेकवली, कथील वितळलं, चमकलं, आणि मी कांडी उचलली. टक् असा बारीक आवाज आला. काचेवर आडवी तिडवी नजर फिरवली. तडा नव्हता. निखारा फुटला होता.

व्हॉल्व्ह बसवला. बटण फिरवलं. तार तापेपर्यंत जो अवधी जातो तेवढ्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. आणि मग कर्ण्यातून, नव्या बॅटरीच्या जोरानं, मुंबईचे कापसाचे भाव खणखणीत यायला लागले. अंगणातली माणसं हसली. सुभेदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. येसू भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

विठोजीआबा हसले नाहीत. ते कर्ण्याकडे बघत होते.

"मास्तर, येक ऱ्हायलं."

"बोला, आबा."

"ह्या पेटीत आवाज साटत न्हाई. पटलं मला. पर मुंबैला जितनं आवाज सोडत्यात, तितं ती दुसरी पेटी आसंल तर? तबकडीची?"

हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पलटणीतल्या लोकांना कुणी मुंबईला आणून बोलायला लावत नाही. लढाई असते तिथं आवाज तबकडीवर भरून घेतात. ती बोटीतून कधी येते, पेटीत पडून किती राहते, कधी लावतात, याचा काही भरवसा नसतो. हे मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. रेडिओ उघडून दाखवला होता, म्हाताऱ्याला पटलंही होतं. पण त्यानं माझ्याकडे ज्या विश्वासानं पाहिलं, त्यापुढे थापा मारणं मला जमेना.

"असते, आबा. निरोप तबकडीवरूनच लावतात बहुतेक."

"मंग ज्या दिशी आवाज आला, त्या दिशी मानूस जित्तं आसंलच आसं न्हाई."

"नाही. तबकडी कधी भरली ते आपल्याला कळत नाही. बेपत्ता होण्याच्या आधीचीही असू शकेल."

येसूकडे बघायचं माझं धाडस झालं नाही. तासभर मी पेटी फोडून त्या पोरीच्या बाजूनं पुरावा देत होतो आणि एका वाक्यात तो काढून घेतला. भावकीतला एकजण खाकरून म्हणाला, "मंग आबा, आवसंचं ठरल्यावानी..."

"थांबा." येसू उभी राहिली होती. सासऱ्यासमोर, एवढ्या पुरुषांसमोर ती बोलत होती आणि पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. "आवाज कवाचा हाय त्ये मास्तरास्नी ठावं न्हाई. तुमास्नीबी न्हाई. मालक गेलं त्येबी कुनी बगितलं न्हाई. जे कुनाला ठावं न्हाई त्याच्यावरनं माज्या बांगड्या का फोडता?"

"पोरी," आबा म्हणाले, "त्यो तान्हेला आसंल तर?"

"मी रोज येक तांब्या भरून वसरीवर ठिवते, त्याच्या नावानं. आत्मा आसंल तर पिऊन जाईल. जित्तं मानूस आसंल तर कवातरी यिऊन पिईल. पानी तर दोगांनाबी चालतंय न्हवं, मामंजी?"

मागे कापसाचे भाव संपून कुणीतरी गायला लागलं होतं, सुभेदारांनी हात लांब करून ते बंद केलं. विठोजीआबा खांबाला धरून उठले. "दिवस घालायचं न्हाई," ते म्हणाले. "वाट बगू." आणि सुनेला घेऊन वाडीच्या वाटेला लागले.

त्यानंतर लढाई संपेपर्यंत वेल्ह्याचा रेडिओ चालू ठेवणं हे माझ्या मागे लागलेलं दुखणं झालं. बॅटऱ्या मिळेनाशा झाल्या. भोरातल्या एका वकिलांचा संच बंद पडला होता, त्यांच्या हातापाया पडून त्यातला व्हॉल्व्ह मी वेल्ह्यासाठी राखून ठेवायला लावला. सांगावा आला की वाटे, संपलं, आता तो आवाज बसला. मी जाई, दुरुस्त करी, आणि बहुतेक वेळा येसू त्याच चौकटीशी असे. ती मला काही विचारायची नाही. मी पेटी उघडली की नजर फिरवायची. विठोजीआबा मात्र मध्येच एका हिवाळ्यात गेले. दिवस घातले ते त्यांचे.

लढाई संपली. पलटणीतली माणसं थोडी थोडी परत येऊ लागली. भोरच्या बाजाराच्या दिवशी एक हाडांचा सापळा झालेला माणूस माझ्या दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. डोक्याला नवं पागोटं होतं, ते त्याला पेलत नव्हतं. मागे येसू होती. मला ओळखायला वेळ लागला, कारण ती हसत होती.

"ह्ये मालक," ती म्हणाली. "पेटीवालं मास्तर बगायचं म्हनत व्हतं."

वडिलांनी फुंकणी खाली ठेवली आणि स्वतः उठून त्याला पाणी दिलं. कोंडिबा हळूहळू बोलत होता. जपान्यांच्या कैदेत होता, जंगलात रस्ता बांधायला लावलं, बरोबरची किती माणसं तिथंच राहिली. मी म्हटलं, "तुमचा निरोप आला म्हणून हे घर तग धरून राहिलं. तो तुम्ही कैदेत जायच्या आधी दिला होता की काय?"

त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "कसला निरोप?"

"रेडिओवरचा. खुशाल आहे, आईला सांभाळ."

"म्या न्हाई दिला. म्या जन्मात कशात बोललो न्हाई मास्तर. आनि आई तर माजी मी ल्हान आसतानाच गेली."

मी येसूकडे पाहिलं. तिला हे त्याच्याकडून आधीच कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सासू नसलेल्या घरात "आईला सांभाळ" ऐकून ही पोरगी ताडकन उठली होती. आम्हीही सगळ्यांनी ते ऐकलं होतं. सुभेदारांनी कर्ण्यातून, मी त्यांच्या तोंडून, आणि खुद्द विठोजीआबांनीही. सगळी पेटी खिळाखिळी करून बघितली, आणि हे एवढं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं असतं, तर त्या अमावस्येला एका जिवंत माणसाचे दिवस घातले गेले असते.

कोंडिबा वडिलांशी बोलत बसला होता. येसू माझ्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, त्यो दुसरा कुनीतरी कोंडिबा व्हता."

"हो. असणार."

"त्यालाबी घरात आई आसंल. बायको आसंल. त्यांनी ऐकला आसंल का हो त्याचा आवाज?"

"काय माहीत. त्यांच्या गावात रेडिओ असेल, नसेल."

"मला लई वाटतं, जाऊन सांगावं. बाई, तुजा मालक खुशाल हाय म्हनला, आमी ऐकलं." ती थांबली. "पर जायचं कुठं?"

त्याचं आडनाव आणि गाव खरखरीत गेलं होतं. निरोप आमच्यापर्यंत पोचला होता, आणि ज्यांचा होता त्यांचा पत्ता आम्हा दोघांपाशीही नव्हता.